नटराजाशेजारी हाडांचा सापळा

‘आमच्या टाइमाले कोनालेच काही झालं नाही.’ गेल्या रविवारी भाचीने फोनवर हे वाक्य सांगितलं आणि तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून जात नाही. लंडनच्या डीएलआर रेल्वेत, टेस्को सुपरमार्केटच्या रांगेत, भाजी चिरताना मी त्याला मनातल्या मनात उत्तरं देत असते.

झालं असं. ब्रह्मपुरी तालुक्यातल्या आमच्या गावी भाची भरतनाट्यमचा वर्ग घेते. नागपूरला नाच शिकताना तिने शरीरशास्त्रही मन लावून वाचलं, आणि यंदा वर्गात काही बदल केले. पहिली १५ मिनिटं अंग मोकळं करण्यासाठी राखली. लहान मुलींनी अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसण्याच्या मूळ स्थितीत, किती खाली बसायचं, पाय किती बाहेर वळवायचे, हे ज्या-त्या मुलीच्या खुब्यावर सोडलं. आणि भिंतीवर नटराजाच्या मूर्तीशेजारी सापळ्याचा तक्ता लावला. पालक भडकले. ‘फी नाचाची घेता अन् पीटी करून राहिल्या?’ ‘देवाच्या बाजूले हाडं काहून लावली वो?’ शेवटी मध्यस्थीला बाईंना बोलावलं. बाई म्हणजे भाचीच्या गुरू, आणि तिच्याआधी माझ्या. गावात नाच आणला तो त्यांनीच. बाईंनी तक्त्याकडे पाहिलं आणि ते वाक्य म्हटलं. तक्ता आता कपाटामागे आहे.

मी लंडनमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघे हे माझं रोजचं काम. त्यामुळे मला हा वाद आवडीनिवडीचा वाटत नाही. अरमंडीत पाय बाहेर वळतात ते खुब्यातून वळायला हवेत. खुबा हा उखळीचा सांधा, तो फिरतो. गुडघा मुख्यतः बिजागरीसारखा चालतो, पीळ सोसायला तो बनलेलाच नाही. मांडीच्या हाडाला वरच्या टोकाशी जन्मतःच एक पीळ असतो, तान्ह्या बाळात ३० ते ४० अंशांचा, मोठेपणी साधारण १५ वर येणारा. तो कोणाचा जास्त उतरतो, कोणाचा कमी. ज्या मुलीचा उतरला नाही, तिचा खुबा बाहेरच्या बाजूला कमी वळतो. तिला ‘अजून उघड, अजून उघड’ म्हटलं की ती पावलं जमिनीवर घट्ट रोवून वळवते आणि उरलेला पीळ गुडघ्याच्या आतल्या बाजूवर येतो. त्यात खाली सिमेंटची जमीन आणि अनवाणी पायांनी तासभर तट्टडवू, म्हणजे पाय आपटण्याचा सराव. नडगी दुखायला लागते, वाटीखाली टेंगूळ येतं, आणि घरचे म्हणतात, पोरगी वाढीला लागली.

देवाशेजारी हाडं नकोत म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारेन: नटराज राहतो कुठे? स्मशानात. अंगाला भस्म, गळ्यात रुंडमाळा. त्याच्या गणांत भृंगी आहे, अंगावर मांस नसलेला, निव्वळ सापळा, तीन पायांचा, आणि तो नाचतो. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या शिवमंदिराच्या जत्रेला जाणाऱ्या माणसांना हे परक्याने सांगावं लागू नये. नाट्यशास्त्रात छाती, कंबर, मांडी, पोटरी, पाऊल यांच्या प्रत्येकी ५ हालचाली वेगळ्या काढून सांगितल्या आहेत. चारींच्या, म्हणजे पायांच्या चालींच्या अध्यायात व्यायाम आहे, त्याआधी अंगाला तेल लावून घेणं आहे, जमिनीला व्यायामाची माता म्हटलं आहे. एवढं सगळं घरात असताना भाचीची १५ मिनिटं विलायती कशी झाली?

इथलं सांगते. माझ्या मुलीला लंडनच्या लुईशम भागात नाचाच्या वर्गात घातलं तेव्हा पहिल्या दिवशी फॉर्म भरून घेतला. दमा आहे का, जुनी दुखापत आहे का, सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे का. माझं क्लिनिक डेप्टफर्डला आहे. तिथेच ट्रिनिटी लाबान हे नृत्य-संगीताचं कॉलेज आहे, तिथे नृत्यविज्ञानात एमएस्सी करता येते. नाचणाऱ्यांच्या आरोग्यावर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था १९९० मध्येच स्थापन झाली. इथल्या बाई मुलीच्या खुब्याला हात लावून बघतात आणि मग सांगतात, तुझी अरमंडी इथपर्यंत. हाफ टर्मला, शाळेच्या सत्रामधल्या सुट्टीत, वर्ग बंद असतो, त्याबद्दल कोणी फी परत मागत नाही.

त्या फॉर्मवरचा सिकल सेलचा प्रश्न वाचला तेव्हा माझा हात थांबला. लुईशममध्ये तो प्रश्न असतो, कारण इथे आफ्रिकन आणि कॅरिबियन घरं पुष्कळ आहेत. पण चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा हा तर सिकल सेलचाच पट्टा! १ जुलै २०२३ ला त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तपासण्या होतात, कार्डं मिळतात. या आजारात खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि हाड आतून मरू लागतं. पाणी कमी पडलं, अंगाबाहेर श्रम झाले, थंडी लागली की वेदनेचा झटका येतो. ब्रह्मपुरीत मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना उन्हाळी शिबिरात पोरींना पत्र्याखाली तीन तास नाचवतात, पाणी प्यायला मध्ये सोडत नाहीत. जगात कुठल्या नाचाच्या बाईला खुबा माहीत असायला हवा असेल, तर तो आमच्या भागातल्या बाईला.

आमच्या वर्गात एक मुलगी होती. माझ्याहून सुंदर नाचायची. सातवीत असताना ती मध्येच बसायला लागली, मांडी धरून. बाई म्हणायच्या, अंगात आळस भरला. आम्ही म्हणायचो, नाटकं करते. मी म्हणायचे. सर्वांत मोठ्याने मीच म्हणायचे, कारण ती बसली की पुढच्या ओळीत जागा मला मिळायची. पुढे तिचा खुबा निकामी झाला. आज ती काठी घेऊन चालते. तेव्हा तपासणी नव्हती, कोणाला काही माहीत नव्हतं, हे खरं आहे. पण ‘कोणालाच काही झालं नाही’ हे खरं नाही. ज्यांना झालं त्या वर्ग सोडून गेल्या आणि मोजायला कोणी उरलं नाही.

मीही गेले. सोळाव्या वर्षी माझा डावा गुडघा असा सुजला की पायरी उतरता येईना. घरी सांगितलं, दहावीचा अभ्यास आहे. बाईंना आजही तेच कारण माहीत आहे.

भाचीशी बोलताना मी काही गोष्टी गाळते. इथेही बॅलेच्या वर्गांत पाय ओढून वळवणारे होते आणि आहेत, त्यांचे गुडघे माझ्याच टेबलावर येतात. हे मी तिला सांगत नाही, कारण मग माझी बाजू पडते. आणि गावात शरीराची जाण नाही असं मी बोलून जाते, तेही खोटं. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर गावच्या मंडईला, म्हणजे जत्रेला, गेले होते. दंडार, आमच्याकडचं नाचगाण्याचं लोकनाट्य, सुरू होण्याआधी एक म्हातारा नाच्या पोटऱ्यांना टोरीचं तेल चोळत बसला होता, मोहाच्या बियांचं, सावकाश, घोट्यापासून वर. मग त्याने अनवाणी चालून सगळी जागा पायाने चाचपली, एका खड्ड्यात माती भरायला लावली. भाताच्या रोवण्याच्या बाया दिवसभर चिखलात वाकतात त्या पाठीतून नाही, खुब्यातून वाकतात. ते वाकणं इथे रुग्णांना शिकवायला मला सहा-सहा सेशन लागतात. ढोलकी वाजली तेव्हा माझे पाय आपोआप हलले. शेजारच्या बाईने विचारलं, ‘कोनाच्या घरच्या पाहुन्या तुमी?’ मी आईचं नाव सांगितलं. माझं सांगून तिला ओळख पटली नसती.

एकोणीस वर्षं झाली इथे. हाडं सगळी पाठ आहेत, नाच सुटला. लुईशमच्या वर्गात बाहेर खुर्चीवर बसून मी मुलीचे गुडघे बघत असते. तिचा चेहरा बघायचा राहून जातो.

डिसेंबरमध्ये येताना खुब्याचा प्लॅस्टिकचा सांधा आणते, खराखुरा फिरणारा, असं मी भाचीला म्हटलं. ती म्हणाली, ‘नको वो मावशी, त्यालेही कपाटामागे ठेवतीन. तूच ये. पंधरा मिनिटं पोरींच्या समोर बस अन् त्याह्यले तुवा गुडघा दाखव. काहून सोडलं नाचनं ते सांग.’

बाई दर गुरुवारी वर्गात येऊन बसतात, भिंतीजवळच्या खुर्चीवर. मी अजून भाचीला हो म्हटलेलं नाही.