स्टेशनचं राहू दे, आधी जागेचं बोला

पुण्यातला, मेट्रोच्या कामासाठी हलवलेला शिवाजीनगरचा एसटी स्टँड जुन्या जागी परत कधी येणार यावरून आमच्या शाळेच्या ग्रुपवर पुन्हा जुंपली, आणि नेहमीप्रमाणे तिसऱ्या-चौथ्या मेसेजला कुणीतरी मला टॅग केलंच. "तुमच्या जर्मनीत बघ, सगळं कसं वेळेत नि शिस्तीत होतं, आपल्याकडे नुसते मोर्चे आणि कोर्टकचेऱ्या." आता गंमत अशी की मी राहतो श्टुटगार्टला. इथल्या मेन स्टेशनचं काम २०१० च्या फेब्रुवारीत सुरू झालं, २०१९ ला उघडणार होतं, मग २०२१, मग २०२५, मग डिसेंबर २०२६, आणि २०२५ संपता संपता रेल्वेने सांगून टाकलं की डिसेंबर २०२६ पण जमणार नाही. आणि गाड्यांचं म्हणाल तर २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या जेमतेम ६२ टक्के गाड्या वेळेवर आल्या, त्यातही सहा मिनिटांच्या आतला उशीर हे लोक उशीर धरतच नाहीत. त्यामुळे जर्मनीचं उदाहरण द्यायचंच असेल तर जरा जपून द्या रे बाबांनो.

पण उदाहरण द्यावंच, असं माझं मत आहे, फक्त वेगळ्या कारणासाठी.

आधी थोडक्यात काय झालं ते सांगतो. इथलं जुनं स्टेशन पाउल बोनाट्झ नावाच्या आर्किटेक्टचं, १९१४ ला काम सुरू, मधे महायुद्ध, पूर्ण व्हायला १९२८ उजाडलं. ओबडधोबड दगडाच्या जाडजूड भिंती, एक चौकोनी टॉवर आणि टॉवरवर गोल फिरायचा मर्सिडीजचा तारा. स्टेशन आपल्या सीएसएमटीसारखंच टर्मिनस, म्हणजे गाडी आत येते आणि आली तशी उलटी निघते. (मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून सिस्टर सिटी आहेत, हे दोन्हीकडच्या किती लोकांना माहितीये देव जाणे.) १९९४ ला कल्पना आली की हे टर्मिनस काढा, रूळ नव्वद अंशात फिरवा, जमिनीखाली घाला, सोळा-सतरा फलाटांच्या जागी आठच करा आणि गाड्या आरपार जाऊ देत. प्रोजेक्टचं नाव श्टुटगार्ट २१. तेव्हाचा अंदाज अडीच अब्ज युरोच्या आसपास, आता आकडा ११ अब्जांच्या वर गेलाय, आणि वाढीव खर्च कुणी भरायचा यावरून रेल्वे, राज्य आणि शहर कोर्टात भांडले, त्यात २०२४ ला रेल्वे हरली.

आता यातली खरी मेख बघा. रूळ जमिनीखाली गेले की वर शहराच्या अगदी पोटात जवळजवळ शंभर हेक्टर जमीन मोकळी होणार. ही जमीन विकून प्रोजेक्टचा बराचसा पैसा उभा राहील असा हिशोब होता. आणि शहराने ती २००१ सालीच विकत घेऊन टाकली, सुमारे ४६ कोटी युरो मोजून. म्हणजे विचार करा, विक्री २००१ ची, आणि त्यातल्या मोठ्या भागावरून आजही रोज गाड्या धावतायत! जमिनीचा व्यवहार आधी पक्का झाला आणि स्टेशन त्याच्यामागून फरफटत आलं. एकदा पैसे दिल्या-घेतल्यावर मग "हे स्टेशन मुळात हवंय का" हा प्रश्न कुणी कितीही विचारला तरी त्याला उत्तर एकच उरतं.

लोकांनी विचारला, नाही असं नाही. २००९ च्या शेवटापासून दर सोमवारी मोर्चा निघतो, अजूनही निघतो, आता डोकी कमी आणि पांढरी जास्त. २०१० च्या उन्हाळ्यात जुन्या इमारतीचा उत्तरेकडचा विंग पाडायला घेतला तेव्हा त्या साइटच्या कुंपणावर लोकांनी पत्र्याचा इंच न् इंच चिठ्ठ्या, चित्रं, शिव्या, कविता, टेडी बेअर असलं काय काय लावून भरून टाकला होता. ते कुंपण आता इथल्या इतिहासाच्या म्युझियमने जपून ठेवलंय. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला स्टेशनलगतच्या बागेतली झाडं तोडायला आलेल्या पोलिसांनी पाण्याच्या तोफा चालवल्या, शंभराहून जास्त लोक जखमी झाले, एका रिटायर्ड इंजिनियरची दृष्टी जवळपास पूर्ण गेली, आणि ती कारवाई बेकायदेशीर होती असं कोर्टाने म्हणायला २०१५ उजाडलं. तेव्हा "जर्मनीत मोर्चे नसतात" हे पण विसरा.

त्यानंतर मात्र एक गोष्ट झाली जी मला खरंच आवडते. हाइनर गाइसलर या जुन्याजाणत्या नेत्याला मध्यस्थ नेमलं आणि दोन्ही बाजूंना एका टेबलाभोवती बसवून टीव्हीवर लाइव्ह वाद घडवला. टाइमटेबल, बोगद्यातले खडक, आग लागली तर पळायचे रस्ते, खर्चाचे आकडे, तासन् तास, आणि लोक घरी बसून बघत होते! मग २०११ च्या नोव्हेंबरला राज्यभर मतदान, त्यात साधारण ५९ टक्के लोकांनी प्रोजेक्टमधून बाहेर पडायला नको म्हटलं. छानच की. फक्त जमीन विकून दहा वर्षं झाल्यावर.

बरं, स्टेशनमागचा जुना मालधक्का आधीच मोकळा झाला होता, तिथे काय उभं राहिलं ते मी येता-जाता बघतो. बँकेच्या इमारती, २०१४ ला आलेला मिलानेओ नावाचा भलामोठा मॉल, ऑफिसं, महागडे फ्लॅट. एकच गोष्ट मनापासून आवडली ती म्हणजे २०११ ची सिटी लायब्ररी, बाहेरून करड्या काँक्रीटचा चौकोनी ठोकळा, इथले लोक पुस्तकांचा तुरुंग म्हणतात, पण आत शिरलं की सगळं पांढरंशुभ्र आणि वर वर चढत जाणारे मजले, मुलं तिथून निघायला तयार नसतात. बाकी तो सगळा भाग उचलून पुण्यातल्या बालेवाडी हायस्ट्रीटला नेऊन ठेवला तर कुणाला पत्ता लागणार नाही. नवीन स्टेशन मात्र सुंदर होणार, हे मान्य करायला हवं, काँक्रीटचे २८ पांढरे खांब वर जाऊन कमळासारखे उमलतात आणि मधल्या काचेतून उजेड खाली येतो. पण तोवर? तोवर फलाटांची टोकं शंभर-सव्वाशे मीटर मागे सरकवलीत आणि शहरात जायला बांधकामाच्या खड्ड्याला वळसा घालत बॅगा ओढत चालायचं. म्हातारी माणसं, प्रॅमवाल्या आया, सगळे. जे मूल ते काम सुरू झालं तेव्हा प्रॅममध्ये होतं ते आता दाढी करायला लागलंय.

म्हणून ग्रुपवरचं भांडण वाचून मला कसंतरी होतं. एक पार्टी म्हणते विकास हवा, दुसरी म्हणते वारसा जपा, आणि सीएसएमटीचा विषय निघाला की जागतिक वारसा, १८८८ ची इमारत वगैरे सुरू. अरे ती इमारत कुणी पाडत नाहीये! सुमारे २४५० कोटींचं पुनर्विकासाचं काम चाललंय ते आजूबाजूला, प्रश्न तिथे काय येणार आणि कुणाच्या वापराचं येणार हा आहे. आणि श्टुटगार्टच्या आंदोलकांची नक्कल मुंबईत करू नका हेही सांगतो, कारण इथे सहा लाखांच्या शहरात लोकांना फार तर जास्तीचं चालावं लागतं, तिथे २०१७ ला परळला लागून असलेल्या एल्फिन्स्टन स्टेशनच्या एका अरुंद जिन्यावर २३ माणसं चेंगरून मेली. तिथे तीस वर्षं वाद घालत बसायची चैन परवडणार नाही, जुनं आहे तसं राहू दे म्हणणाऱ्यांनी आधी संध्याकाळी सहाला परळला उतरून बघावं.

पण शिवाजीनगरचं घ्या. मेट्रोसाठी स्टँड २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवला, काही वर्षांपुरता. शिवाजीनगरचं मेट्रो स्टेशन २०२३ लाच सुरू झालं. स्टँड अजून वाकडेवाडीलाच. का, तर जुन्या जागेवर नुसता स्टँड नको, खासगी विकसकाला घेऊन वर व्यापारी मजले पण हवेत, आणि त्याचं गणित जुळेपर्यंत एसटीने उतरलेल्या माणसाने लोकल पकडायला पिशव्या घेऊन रिक्षा करायची. आधी लोकल, एसटी, पीएमटीची सिटी बस सगळं हाकेच्या अंतरावर होतं, कुणी त्याला मल्टिमोडल हब वगैरे म्हणत नव्हतं, नुसता रस्ता ओलांडायचा.

त्यामुळे नवीन इमारतीची चकाचक चित्रं ग्रुपवर टाकू नका, तो काचेचा पुढचा भाग कसा दिसेल यात मला काडीचा इंटरेस्ट नाही. करार टाका. जागा कुणाला, किती वर्षांसाठी, किती मजले स्टँडला आणि किती दुकानांना, आणि बांधकाम रखडलं तर दर महिन्याला दंड कोण भरणार ते टाका. आणि हे सगळं सही व्हायच्या आधी टाका, सही झाल्यावर हरकती-सूचना मागवून काय होतं ते मी रोज खिडकीतून बघतोय.