माईंची चूल वेगळी असणार आहे

गेल्या रविवारी नव्या घराचा नकाशा घेऊन आम्ही एका नातेवाइकांकडे गेलो होतो. तिथल्या आजींनी कागद दोनदा फिरवून पाहिला आणि विचारलं, "म्हणजे सासू-सासऱ्यांची चूल वेगळी मांडताय का?" माई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी काही बोलायच्या आत मी म्हणाले, "हो, मांडतोय." खोलीत एकदम शांत झालं. परत येताना रिक्षात माई म्हणाल्या, "तू नीट सांगायला हवं होतंस गं." म्हणून आज नीट सांगते.

आमचं जुनं घर दांडिया बाजारातलं. अण्णांचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, आजोबा रत्नागिरीकडून बडोद्याला आले ते शिक्षक म्हणून. सयाजीराव महाराजांनी 1906 साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्यानंतरच्या वर्षांतली गोष्ट. तेव्हापासून घर तेच. समोरून अरुंद, आत लांबलचक, मधे चौक, आणि वर जायला एक लाकडी जिना. तो इतका उभा की त्याला दोर बांधलेला आहे, दोर धरूनच चढायचं. अण्णा आता 81 वर्षांचे आहेत, वॉकर घेऊन चालतात, आणि तीन वर्षं वरच्या मजल्यावर गेलेले नाहीत. त्यांची पुस्तकं सगळी वर. कुठलं पुस्तक हवं ते खालून सांगतात, मुलगी आणून देते. चुकीचं आणलं तरी परत पाठवत नाहीत, तेच वाचतात. हे माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला.

ते घर विकून समा भागात 40 बाय 60 चा प्लॉट घेतला. आर्किटेक्टने पहिला नकाशा आणला त्यात तळमजल्यावर मागच्या बाजूला 10 बाय 12 ची खोली होती, आत बाथरूम, आणि वर लिहिलेलं 'पेरेंट्स बेडरूम'. आम्ही दोघं खूश होतो. अण्णांनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि एवढंच विचारलं, "माझ्याकडे कोणी आलं तर त्याने बसायचं कुठे? पलंगावर?"

मला वाटतं, घर बांधणाऱ्या प्रत्येकाने नकाशा काढायच्या आधी हा प्रश्न आपल्या आईवडिलांना विचारायला हवा. आपण त्यांच्यासाठी झोपायची सोय करतो. खोली छान, हवेशीर, एसी, टीव्ही, कमोड, सगळं. पण ज्या माणसाने साठ वर्षं स्वतःच्या घराचं दार उघडून 'या, बसा' म्हटलं, त्याला आपण एका पलंगाचा धनी करतो. दिवाणखाना आपला, स्वयंपाकघर आपलं, फ्रीज आपला. माणूस त्या घरात राहतो, पण कुणाला जेवायला थांब म्हणताना आधी सुनेच्या तोंडाकडे बघतो. माई माझ्या तोंडाकडे बघतात. मी कधी नाही म्हटलेलं नाही, तरी बघतात. मला ते सहन होत नाही.

म्हणून दुसऱ्या नकाशात खोली नाही, घर आहे. छोटंच. पुढे ओटा आणि त्यावर हिंचका म्हणजे झोपाळा, मग बसायची खोली, स्वयंपाकघर, झोपायची खोली, बाथरूम. रस्त्याकडून वेगळं दार, वेगळी बेल, दारावर त्या दोघांच्या नावाची पाटी. आमचं घर वरती आणि मागच्या भागात.

स्वयंपाकघरावरून बरीच चर्चा झाली. आर्किटेक्टचं म्हणणं, एक छोटी पँट्री देऊ, चहापुरती इंडक्शनची शेगडी ठेवू. माई म्हणाल्या, इंडक्शनवर वांगं कसं भाजू? प्रश्न बरोबर होता. गॅस आला, खिडकी मोठी झाली. स्वयंपाकाच्या ओट्याची उंची हल्ली सगळीकडे 33-34 इंच धरतात. माईंची उंची चार फूट दहा इंच. दांडिया बाजारात त्या पाटावर उभं राहून फोडणी देतात आणि मला दर वेळी धस्स होतं. नव्या ओट्याची उंची 30 इंच. हा माझ्या उंचीचा ओटा नाही, मला तिथे वाकावं लागेल, आणि ते योग्यच आहे, कारण ते माझं स्वयंपाकघर नाही. रात्रीचं जेवण एकत्र, हे माईंनीच ठरवलं. सकाळी मात्र ज्याचं त्याने बघायचं. अण्णांची पूजा साडेपाचला घंटेसकट असते, आणि मुलगी बारावीचा अभ्यास करून दोनला झोपते. आज दोघंही एकमेकांसाठी मन मारतात. अण्णा घंटेला रुमाल गुंडाळतात.

एक गोष्ट माझ्या स्वतःच्या आईची. ती इंदूरला एकटी असते. बडोद्याला आली की चार दिवसांत बॅग भरते. जावयाच्या घरी किती राहायचं, हे तिच्या पिढीच्या हाडात आहे आणि कितीही समजावलं तरी जात नाही. माईंशी मात्र तिचं छान जमतं. नकाशा पाहून माई तिला फोनवर म्हणाल्या, "आता तुम्ही माझ्याकडे या. माझ्या घरी. महिनाभर." आई येते म्हणाली. वीस वर्षांत पहिल्यांदा तिने दिवस मोजून सांगितले नाहीत. दोन आज्यांनी मिळून हा प्रश्न सोडवला. माझ्या हातून तो सुटला नसता.

आता पाण्याविषयी, कारण बडोद्यात घर बांधायचं आणि विश्वामित्री नदीचं नाव घ्यायचं नाही, असं होत नाही. 2024 च्या ऑगस्टमध्ये, जन्माष्टमीला लागलेला पाऊस आणि त्यानंतरचा पूर इथल्या कोणालाच सांगायला नको. 25 फुटांची धोक्याची पातळी, आणि नदी 35 फुटांच्या वर गेली होती. सोसायट्यांमध्ये मगरी आल्या. आम्ही प्लॉट पाहायला गेलो तेव्हा शेजारच्या कंपाउंडच्या भिंतीवर पाण्याची रेघ अजून दिसत होती. नवऱ्याने टेप काढून मोजली, रस्त्यापासून तीन फूट चार इंच.

मग तिथे घेतलाच का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. अण्णांचे डॉक्टर तिथून जवळ, नवऱ्याच्या बहिणीचं घर पाच मिनिटांवर, आणि किंमत आम्हाला झेपणारी. शहराबाहेर कोरडी आणि स्वस्त जागा मिळत होती, पण तिथे अण्णांना भेटायला कोण येणार?

आर्किटेक्टने सोपा मार्ग सुचवला. खाली नुसतं पार्किंग ठेवा, सगळे वर राहा, लिफ्ट बसवा. कागदावर हे उत्तम आहे. पण पुरात पहिल्यांदा जाते ती वीज, आणि विजेबरोबर लिफ्ट. शिवाय ओटा गेला. माई म्हणाल्या, "वरून मला लोकांचे टाळू दिसतील, चेहरे नाही." अण्णांचं सगळं जग ओट्यावरचं आहे. जाणारा-येणारा थांबतो, दोन शब्द बोलतो, वर्तमानपत्र मागतो.

तेव्हा जोतं उंच घ्यायचं ठरलं, रस्त्यापासून चार फूट. पण चार फूट जोतं म्हणजे वॉकरवाल्या माणसासाठी भिंतच. रॅम्पचा नियम असा की एक फूट चढायला किमान बारा फूट लांबी हवी, त्याहून उभा रॅम्प चढायला अवघड आणि उतरायला धोक्याचा. चार फुटांना 48 फूट. आमचा प्लॉट समोरून 40 फूट! दोन आठवडे यातच गेले. शेवटी रॅम्प दुमडला. फाटकातून आत शिरलं की कंपाउंडला लागून 24 फूट चढ, मग विसाव्याला सपाट जागा, वळण, आणि परत 24 फूट ओट्यापर्यंत. दोन्ही बाजूंना कठडा, पृष्ठभाग खरखरीत. उरलेल्या अकरा फुटांत गाडी. पुढची बाग पूर्ण गेली. पारिजातक लावायचा होता, आता तो गच्चीवर कुंडीत लावीन. हा निर्णय मला जड गेला, हे कबूल करते, पण बदलणार नाही.

आणि तरीही नदीचा भरवसा नाही, म्हणून वर आमच्याकडे एक खोली त्यांच्या नावाची, लागून बाथरूम. आम्ही तिला पुराची खोली म्हणतो. एरवी तिथे अण्णांची पुस्तकं राहणार नाहीत, ती खालीच, वरच्या फळ्यांवर. पुराच्या खोलीत पोहोचायला जिना धड हवा. पायरी 6 इंचांची ठेवली की दहा फूट चढायला 20 पायऱ्या होतात, 8 इंचांची ठेवली की 15. मिस्त्री हमखास आठ सांगतो, कारण जागा वाचते. सहा धरल्याने जिना साडेचार फूट लांबला आणि आमचा हॉल तेवढा लहान झाला. होऊ दे. इन्व्हर्टर वर, खालचे सगळे स्विचबोर्ड चार फुटांवर. वाकून बटण दाबावं लागत नाही, हा अण्णांचा वेगळाच फायदा.

उंबरठ्यावर माई अडल्या. घरात कुठेही उंचवटा नको, वॉकर अडतो, हे त्यांना पटत होतं. पण उंबरठ्याशिवाय दार त्यांना मान्य नव्हतं. लक्ष्मी कुठून येणार, हळदीकुंकू कुठे वाहायचं? मी आधी वाद घातला, जो घालायला नको होता. फरशीवाल्यानेच तोड सुचवली. दाराच्या रुंदीएवढी काळ्या दगडाची पट्टी फरशीच्या पातळीतच बसवायची. उंबरठा आहे, उंचवटा नाही. माईंनी हात फिरवून नमुना पाहिला आणि चालेल म्हणाल्या. बाथरूमचं दार बाहेर उघडणारं आणि कडी बाहेरूनही काढता येईल अशी. हातधरे लावायची भिंत नऊ इंची पक्क्या विटांची, कारण पातळ भिंतीत ठोकलेला हातधरा नेमका भार पडला की निघून येतो.

पैशाबद्दल सहसा कोणी उघड बोलत नाही, मी बोलते. हे घर दांडिया बाजारच्या घराच्या पैशातून होतंय, म्हणजे अण्णा-माईंच्या. दस्ताच्या वेळी सल्ला आला की माझ्या एकटीच्या नावावर करा, गुजरातमध्ये फक्त बाईच्या नावावर दस्त असला की 1 टक्का नोंदणी फी माफ आहे. बचत खरी आहे. पण ज्यांचं घर विकलं त्यांचंच नाव नव्या कागदावर नसावं, हे मला पटेना. अण्णा म्हणाले, "तुमच्यावर विश्वास आहे गं." विश्वास आहे म्हणूनच कागद हवा. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातल्या 23 व्या कलमानुसार, सांभाळायच्या अटीवर दिलेली मालमत्ता मुलांनी सांभाळलं नाही तर परत मिळवता येते. पण ऐंशीच्या घरातल्या माणसाने त्यासाठी ट्रायब्युनलसमोर उभं राहायचं? दस्तावर चार नावं आहेत, पहिलं अण्णांचं, दुसरं माईंचं.

दोन्ही घरांच्या मधे एक दार आहे. त्याची कडी कुठल्या बाजूला, हे सुताराने विचारलं. आमच्या बाजूला कडी लावायचीच नाही, असं ठरलं आहे. त्यांच्या बाजूला आहे, लावायची की नाही ते त्यांनी बघावं. आम्ही टकटक करून आत जाऊ. मुलांनाही तीच सवय लावणार.

पुढच्या महिन्यात नकाशा मंजुरीला जाईल. रॅम्पच्या वळणाची जागा पाच फूट ठेवली आहे, वॉकरला पुरेल, पण पुढे व्हीलचेअर आली आणि मागे ढकलणारा माणूस असला तर सहज वळेल का, याची मला काळजी आहे. कारेलीबाग, समा, अकोटा, मांजलपूर, कुठेही कोणी घराला असा दुमडलेला रॅम्प बांधला असेल तर सांगा. अण्णांना घेऊन येईन, त्यांना स्वतः चालून पाहायचा आहे.