चॅट्सवर्थची पायवाट

आप्पा रावेरहून आले, तेव्हा पहिल्याच रविवारी लंडन सोडून मी त्यांना डर्बीशायरात चॅट्सवर्थला चालायला नेलं. ही ड्यूक ऑफ डेव्हनशायर, म्हणजे कॅव्हेंडिश घराण्याची इस्टेट. बॅझ्लो गावाच्या टोकाला फाटक आहे. तिथं आप्पा थबकले. "मालक काही म्हणणार नाही ना?"

नाही म्हणणार. वाडा आतून बघायला तिकीट लागतं, पण पार्कात पायी फिरायला लागत नाही.

डर्वेंट नदी, मेंढ्या, हरणं, एकेकटी जुनी झाडं. सगळं निसर्गानंच मांडलंय असं वाटतं. प्रत्यक्षात १८व्या शतकात कॅपॅबिलिटी ब्राऊन या उद्यानरचनाकारानं हा देखावा रचला. उन्हं कलली तशा गवतात लांबच लांब वळ्या दिसायला लागल्या. मी चारदा तिथून गेले असेन, कधी लक्ष गेलं नव्हतं. आप्पा खाली वाकून म्हणाले, "अगं, इथं नांगर चालायचा. हे वरंबे आहेत." खरंच आहेत, मध्ययुगीन शेतांचे. पुढे एडन्सर लागतं. १८३०च्या दशकात सहाव्या ड्यूकनं हे अख्खं गाव हलवून नजरेआड नव्यानं वसवलं. जुन्यातलं एक घर रस्त्यापलीकडे अजून एकटं उभं आहे. त्या घरापाशी मला दर वेळी गलबलून येतं.

याच ड्यूकच्या पॅक्सटन नावाच्या माळ्यानं काचगृहात केळी वाढवली, आणि तिला मालकाचं नाव मिळालं. आपली बसराई, ग्रँड नैन याच कॅव्हेंडिश गटातल्या. केळीत जन्म गेलेले आप्पा हे ऐकून वाड्याकडे बराच वेळ बघत राहिले.

पण मला त्यांना सांगायचं होतं ते किंडर स्काउट या डोंगराचं. तोही चॅट्सवर्थसारखाच पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागातला. तिथल्या माळावर ड्यूकची शिकार चाले आणि लोकांना मज्जाव होता. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो तरुण कामगार बंदी मोडून वर चढले. रखवालदारांशी झटापट झाली, पाच जण तुरुंगात गेले. २००२ साली १९३२च्या ड्यूकच्या नातवानं, अकराव्या ड्यूकनं, जाहीर माफी मागितली. आज इथल्या खाजगी जमिनींतून जाणाऱ्या सार्वजनिक वाटा कायद्यानं नोंदलेल्या आहेत, मालकाला त्या मनात येईल तेव्हा बंद करता येत नाहीत. माझ्या मते इंग्लंडकडून घ्यावं असं काही असेल तर ते हेच. वाडे आपल्याकडेही आहेत.

आपल्याकडे पाणंद नकाशावर असते, जागेवर नसते. आमच्या शिवारातली दोन्ही बांधांकडून नांगरली जाऊन इतकी आवळलीय की केळीचा ट्रॅक्टर जात नाही. तक्रार करायची कुणाविरुद्ध, सगळे भाऊबंदच, म्हणून आप्पा वीस वर्षं गप्प होते. परतीच्या बसमध्ये ते म्हणाले, "गेलो की तहसीलला पाणंद मोकळी करायचा अर्ज टाकतो."

काल टाकला. पोच पावतीचा फोटो आलाय.