चौथं दार

खट्, खट्, खट्.

आमच्या गाडीला कुलूप लागल्याचा आवाज हा असा. दारं चार, खट् तीन. चौथा आज तरी येईल म्हणून मी थोडा वेळ कान देऊन उभा राहायचो. यायचा नाही. मग चालकाचं दार पुन्हा उघडायचं, सीटवर एक गुडघा टेकायचा, दोन सीटांच्या फटीतून हात मागे घालायचा, मान एकीकडे, कंबर जाईल तिकडे, आणि मधल्या बोटाच्या टोकाने मागच्या डाव्या दाराच्या कुलपाची खुंटी खाली दाबायची. योगासनांच्या तक्त्यावर हे आसन नाही, पण फायदे-तोटे सगळे तेच. गाडीला बाहेरून वळसा घालून ते दार उघडलं असतं, खुंटी दाबून लोटलं असतं, तर दहा पावलांत काम झालं असतं. पण हा विचार मला सुचला तेव्हा चार वर्षं उलटली होती आणि कंबरेला सवय झाली होती.

गाडी जुनी आहे. रिमोट वगैरे लाड तिच्या पिढीत नव्हते. चालकाच्या दारात किल्ली फिरवायची की चारही दारं लागतात. किंवा, किल्ली खिशातून काढायचा कंटाळा असेल तर, खुंटी दाबायची, बाहेरचं हँडल उचलून धरायचं आणि दार लोटायचं. मी कंटाळ्याच्या पक्षातला. याला सेंट्रल लॉकिंग म्हणतात, आणि त्यातलं केंद्र म्हणजे चालकाचं दार. आमच्या गाडीत त्या दारातल्या मोटरीला पाच वायरी आहेत, बाकीच्या तिघींना दोन-दोन. पाचवाली हुकूम सोडते, दोनवाल्या मुकाट ऐकतात. ही रचना मी घरात समजावून सांगितली तेव्हा बायको म्हणाली, "बरोबर आहे." आणि आमच्या घरात किती वायरी कोणाला, हे कुणाला विचारावं लागलं नाही.

तर केंद्राचा हुकूम दोन दारं पाळत होती आणि तिसऱ्याने स्वायत्तता घेतली होती.

मेकॅनिककडे नेली नाही असं नाही. तीनदा नेली. मेकॅनिक ते दार सताड उघडायचा, खुंटीकडे बघत उभा राहायचा आणि म्हणायचा, "साहेब, चावी फिरवा." मी फिरवायचो. खट्, खट्, खट्, खट्. चार! "चालतंय की," तो म्हणायचा. रात्रभर खोकलेलं पोर डॉक्टरांपुढे टुणटुणीत होतं, तेव्हा आई-बापाचं तोंड जसं होतं तसं माझं व्हायचं. "घरी नाही हो चालत," मी म्हणायचो. यावर तो काही बोलायचा नाही, पण त्याच्या नजरेत माझ्या घराबद्दल एक शंका दिसायची. परत आलो, दारं लावली, किल्ली फिरवली की, येरे माझ्या मागल्या, तीन.

शेजारच्या काकांचं निदान ठरलेलं होतं. "बॅटरीची टर्मिनलं साफ कर." हे काका गळणाऱ्या नळालासुद्धा बॅटरीची टर्मिनलं साफ करायला सांगतील. मी केली साफ. टर्मिनलं चकचकीत झाली.

बायकोचं म्हणणं अगदीच वेगळं. "अहो, राहू द्या ना ते दार तसंच. दोनदा किल्ली आत राहिली, दोन्ही वेळा तुम्ही त्याच दारातून आत शिरलात."

"कारण दोन्ही वेळा आपण त्याची खुंटी दाबायचं विसरलो होतो."

"तेच म्हणतेय मी."

यंत्रातल्या बिघाडाला गुण म्हणायचं नसतं, असं मी तिला सांगितलं. जरा वरच्या पट्टीत सांगितलं असावं, कारण मग हे काम मला स्वतःच करावं लागणार हे ठरून गेलं.

सुरुवात फ्यूजपासून केली. फ्यूज गेला असता तर चारही दारं एकदम बंद पडली असती. हे मला फ्यूज उपसून, उजेडात धरून, आतली तार शाबूत आहे याची खात्री करून, परत बसवताना तो पाडून आणि सीटखाली वीस मिनिटं हात घालून शोधल्यावर लक्षात आलं. मग दाराच्या कडेला एक बारका खटका दिसला. हाच तो, म्हणून मी हर्षभरित होऊन तो सरकवला. तो चाइल्ड लॉक निघाला. त्याचा या कुलपाशी काही संबंध नाही. तो फक्त आतलं हँडल निकामी करतो, आणि त्याने ते चोख केलं. त्या संध्याकाळी मुलगा मागच्या सीटवरून हाका मारत होता आणि मी "जोरात ओढ" म्हणत होतो.

उरली मोटर. मोटरच गेली असणार! आकार पिंपाचा पण इवलीशी, १२ व्होल्टवर चालणारी मोटर, तिला प्लॅस्टिकचे दाते, दात्यांना एक दांडी, दांडीचं टोक कुलपाला. वीज एका दिशेने सोडली की दांडी खाली, उलट दिशेने सोडली की वर. इतक्या साध्या जिवाचं काय, जाणारच कधीतरी. कुठलीही तपासणी न करता मी नवी मोटर घेऊन आलो. आधी औषध आणायचं आणि मग त्याला शोभेल असा आजार शोधायचा, ही पद्धत माणसांच्या बाबतीतही चालते.

आता दाराचं पॅड काढायचं. पॅड म्हणजे दाराच्या आतल्या अंगाला असतं ते, कोपर टेकायचं. ते काढायला तीन स्क्रू सोडवावे लागतात, पैकी दोन दिसतात. तिसरा आतल्या हँडलमागे एका चिमुकल्या प्लॅस्टिकच्या टोपीखाली लपलेला असतो. ती टोपी टोपी आहे हे कळेपर्यंत मी पॅड इतकं ओढलं की स्टँडवरची स्कूटर हलावी तशी गाडी हलली. आणि मधे आलं काच वरखाली करायचं हँडल. त्याला स्क्रू नाही, बोल्ट नाही, काही नाही. ते एका घोड्याच्या नालाच्या आकाराच्या स्प्रिंगच्या क्लिपने धरलेलं असतं, आणि ती काढायची युक्ती अशी की हँडलच्या मागे जुनं फडकं घालून बूट पुसल्यासारखं दोन्ही टोकांनी मागेपुढे ओढायचं. फडक्याचा धागा क्लिपमध्ये अडकतो आणि क्लिप निसटते. युक्ती पहिल्याच झटक्यात लागू पडली. क्लिप निसटली. टिण् असा आवाज आला. त्यानंतर ती क्लिप मला दिसली नाही. मुलगा म्हणतो त्याने ती जाताना पाहिली, पण दिशा सांगताना दर वेळी वेगळी सांगतो.

पॅडच्या कडेने प्लॅस्टिकच्या क्लिपा असतात. नऊ होत्या. ओढताना टप्, टप् असे आवाज येतात. काही टप् क्लिप सुटल्याचे असतात, काही तुटल्याचे, आणि कानाला दोन्ही सारखेच लागतात. पॅड हातात आलं तेव्हा पाच क्लिपा पॅडला होत्या, दोन दारात आणि दोन सद्गतीला गेल्या होत्या. आत काळ्या चिकट डिंकाने लावलेला प्लॅस्टिकचा कागद. हा फेकून द्यावासा वाटतो, पण फेकू नये. काचेवरून ओघळलेलं पावसाचं पाणी दाराच्या पोटातच उतरतं आणि खालच्या भोकांतून बाहेर जातं. तो कागद नसेल तर ते पॅडमध्ये मुरतं. मी तो अलगद सोलला. तो काळा डिंक मात्र पुढचे दोन दिवस घरात जिथे जिथे मी गेलो तिथे तिथे माझ्या आधी पोचलेला होता.

दाराच्या पोटात हात घालायला जी भोकं ठेवलेली असतात ती मोटर बसवणाऱ्याच्या हातांच्या मापाची नसावीत. बहुधा मोटरीच्या मापाची असावीत. पत्र्याच्या कडा धारदार. दोन स्क्रू काढून, दांडी सोडवून जुनी मोटर बाहेर आली तेव्हा माझ्या मनगटावर मांजराशी भांडल्याच्या खुणा होत्या.

नवी बसवली. मुलाला चालकाच्या सीटवर बसवलं. मी "लॉक!" म्हटलं की त्याने खुंटी दाबायची, "अनलॉक!" म्हटलं की उचलायची. शाळेच्या कवायतीनंतर असा अधिकार मला प्रथमच मिळत होता.

"लॉक!"

तीन दारांचा खट् झाला, आणि माझ्यासमोरची खुंटी टुणकन वर आली.

"अनलॉक!"

तीन वर, ही खाली.

दोन वायरी उलट जोडल्या होत्या. पण खरं सांगतो, मला आनंद झाला. चार वर्षं नुसतं मौन पाळणारं दार आता निदान विरोध करत होतं. वायरी अदलाबदल केल्या आणि मग खट्, खट्, खट्, खट्! दहा वेळा करून पाहिलं, दहाही वेळा चार. पॅड बसवलं. दोन क्लिपा कमी होत्या, काचेचं हँडल नुसतंच खोचलं. दार ऐटीत लावून घेतलं आणि म्हणालो, "लॉक!"

तीन.

मी पॅड पुन्हा काढलं. ही दुसरी वेळ असल्याने वेगात निघालं, आणि आणखी एक क्लिप गेली. "लॉक!" चार. पॅड लावलं, दार लावलं. "लॉक!" तीन. माझा पॅडवर संशय बळावला. पॅडचा आणि विजेचा संबंध काय असू शकतो याची एक मांडणी मी तिथेच बसून मनात तयार केली. ती इथे देत नाही.

तेवढ्यात चालकाच्या सीटवरून मुलगा म्हणाला, "बाबा, हे कुलूप दार उघडं असेल तरच लागतं."

इतकी वर्षं मेकॅनिकने, मी आणि काकांनी जे पाहिलं होतं ते त्या पोराने वाचून दाखवलं. मेकॅनिक दार उघडूनच बघायचा. मीही पॅड काढून, म्हणजे दार उघडं ठेवूनच, बघत होतो. रोगी उभा राहिला की बरा आणि बसला की आजारी, आणि आम्ही सगळे त्याला उभा करून तपासत होतो.

"इअरफोनची वायर नाही का, एका बाजूला वाकवून धरली की चालते," तो पुढे म्हणाला, आणि खुंटी उगाचच वरखाली करत बसला.

दार आणि गाडीचं अंग यांच्या मधे, बिजागऱ्यांच्या बाजूला, हार्मोनियमच्या भात्यासारखी एक रबरी नळी असते. दाराच्या सगळ्या वायरी त्यातून जातात. दार उघडलं की वायरी सरळ, लावलं की दुमडल्या. दिवसाला दहाच वेळा उघडझाप धरली तरी वर्षाला ३,६५०, आणि १५ वर्षांत ५४,७५०. तांब्याच्या केसासारख्या तारा त्या, एकेक करून तुटत जातात. वरचं आवरण मात्र पुष्कळदा तसंच राहतं, त्यामुळे नुसतं बघून कळत नाही. मी नळीचं एक टोक उचकटून मागे सारलं. हिरवी वायर हातात आली. हातात आली म्हणजे, तिचा अर्धा भाग आला. दार उघडं असताना दोन तुटकी टोकं एकमेकांना टेकत होती, लावलं की दुरावत होती. इकडे मी मोटरीवर, फ्यूजवर, पॅडवर आणि खासगीत काकांवर आळ घेत होतो.

जोड तिथल्या तिथे, वाकणाऱ्या जागी, घालू नये. डाग लावलेली, म्हणजे सोल्डर केलेली, वायर तिथे कडक होते आणि जोडाच्या शेजारी पुन्हा मोडते. म्हणून दोन्हीकडची चांगली वायर लागेपर्यंत कापायची, मधे नव्या मऊ वायरीचा जरा सैल तुकडा घालायचा आणि डाग नळीच्या बाहेर, न वाकणाऱ्या जागी घ्यायचे. डाग लावण्याआधी वायरीवर ती उष्णतेने आक्रसणारी नळी सरकवून ठेवायची असते. पहिला डाग सुरेख बसला. नळी टेबलावर होती. डाग सोडवला, नळी घातली, पुन्हा डाग लावला. दुसऱ्या टोकालाही नेमकं हेच केलं. अनुभवाने माणूस शिकतो म्हणतात, पण त्याला पाच मिनिटांहून जास्त अवधी द्यावा लागत असणार.

जुनी मोटर पुसून, ग्रीस लावून परत बसवली. तिचा काही दोष नव्हता, तिला घराबाहेर काढणं बरं दिसलं नसतं. पॅड चढवलं. दार लावलं. मुलाला खाली उतरवलं, बायकोला बोलावलं, काकाही आले. मी चालकाचं दार उघडलं, सगळ्यांकडे एकदा पाहिलं, सवयीने खुंटी दाबली, हँडल उचलून धरलं आणि दार लोटलं.

खट्, खट्, खट्, खट्.

काय सांगू तो आवाज! काका म्हणाले, "टर्मिनलं साफ केली ना?" मी तेही श्रेय त्यांना देऊन टाकलं, इतका मी त्या क्षणी मोठा झालो होतो.

बायको काचेतून आत बघत होती. "अहो, किल्ली?"

किल्ली स्टिअरिंगला लटकत होती.

"दुसरी आहे ना," मी म्हणालो. "जादाची. तू ठेवली होतीस."

"तुम्ही ठेवली होतीत. गाडीच्या कप्प्यात. तिथे हरवणार नाही म्हणालात."

कुणी काही बोललं नाही. मुलगा गाडीला वळसा घालून, दहा पावलांत, मागच्या डाव्या दारापाशी गेला. त्याने हँडल ओढून पाहिलं. मग दोन्ही हातांनी ओढून पाहिलं.

"बाबा," तो तिकडून ओरडला, "खरंच दुरुस्त झालंय!"