डोक्यावर ऊन आहे म्हणून ओढ्यात उतरता?

‘सह्याद्रीत भटकणाऱ्यांसाठी पाच सोनेरी नियम’ हे फॉरवर्ड तुमच्याकडेही येऊन गेलं असेल. माझ्याकडे ते तिसऱ्यांदा आलं ते ताईकडून : “तुझा भाचा रविवारी अंधारबनच्या जंगलवाटेने ट्रेकला चाललाय, त्याला पाठवलंय हे. बरं आहे ना?” नाही गं ताई, अजिबात बरं नाही. त्यातला तिसरा नियम तर जीव घेणारा आहे, म्हणून तोच आधी.

“आकाश मोकळं असेल आणि पाणी गुडघ्याखाली असेल तर हातांची साखळी करून ओढा बिनधास्त ओलांडा.” ओढ्याला तुमच्या डोक्यावरच्या आकाशाशी काय देणंघेणं? त्याचं पाणी येतं वरच्या पठारावरून. जुलैत तिथली माती आधीच भिजून चिंब, खाली कातळ. पडलेलं पाणी मुरणार कुठे? सगळं उताराला लागतं. वर अर्ध्या तासापूर्वी सर कोसळून गेलेली असते आणि खाली तुम्ही उन्हात फोटो काढत असता. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात काय झालं ते सगळ्या महाराष्ट्राने फोनवर पाहिलं. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभी राहिलेली माणसं. एका कुटुंबातले पाच जण गेले. एकमेकांना धरूनच उभे होते ते! साखळीतला एक घसरला की बाकीचेही ओढले जातात, हे लिहिणाऱ्याच्या गावीच नाही.

पाणी एकदम गढूळ झालं, काड्या-पाला वाहून येऊ लागला, आवाज बदलला, की तसंच मागे फिरून काठावर उंच चढायचं. पोहोचायला उशीर झाला तर होऊ दे. ओढा चढतो तसा उतरतोही. काठावर दोन-चार तास बसायची तयारी आणि पिशवीत खायला हवं, एवढंच.

“रबरी तळाचे बूट असले की वीज लागत नाही.” काय बोलावं! हवासुद्धा विजेला अडवतेच की. काही किलोमीटर हवा फाडून आलेली वीज तुमच्या इंचभर तळापाशी थांबणार? शिवाय झाडावर पडलेली वीज खोडातून शेजारच्या माणसावर उडी मारते, जमिनीतूनही पसरते. गडगडाट ऐकू आला की कडा, सुळका, एकटं झाड सोडून खाली उतरायला लागायचं. चमक आणि आवाज यांत 30 सेकंद गेले तर वीज 10 किलोमीटरवर आहे. तेवढं अंतरही सुरक्षित नाही.

“मोबाईल वीज खेचतो, बंद ठेवा.” खेचत नाही. आणि बंद ठेवलात तर पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजेचा इशारा देणार कुणाला? घाटात रेंज जाते हे खरं, म्हणून निघण्याआधी पाहून घ्या.

“पुण्याला हलक्या सरी दाखवत असतील तर निघा.” पुण्यात वर्षाचा पाऊस सातशे-साडेसातशे मिलिमीटर, लोणावळ्यात चार हजारांवर. हवामान खातं घाटमाथ्याचा अंदाज वेगळा देतं तो याचसाठी. त्यांच्या भाषेत अतिमुसळधार म्हणजे 24 तासांत 115.6 ते 204.4 मिलिमीटर. पुण्याच्या अख्ख्या वर्षाचा चौथा हिस्सा एका दिवसात पडू शकतो, असा त्याचा अर्थ.

राहिला “बाराच्या आत गड उतरा” हा नियम. बरं, हा अर्धा मान्य. एप्रिल-मे आणि परतीच्या पावसात ढग दुपारनंतरच चढतात. पण जुलैच्या पावसाला घड्याळ नसतं.

अंधारबनची वाट ताम्हिणी घाटातून खाली रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याला उतरते, म्हणून पुण्याचा घाटमाथा आणि रायगड जिल्हा दोन्हींचा इशारा बघ, नारिंगी किंवा लाल असेल तर घरी बस, असं भाच्याला सांगितलंय. त्याने विचारलं, “मावशी, मग बूट कुठले घालू?” म्हटलं, रबरी तळाचेच घाल. शेवाळावर घसरत नाहीत तेवढे.