चवीपुरतं मीठ

लिथियम-आयन बॅटरीच्या नॅनो-अ‍ॅनोडवर पेपर लिहिताय? मग मला विचारा. असाच एक पेपर समोर ठेवून मी चार महिने राबलोय.

सुरुवात ठरलेली आहे. अ‍ॅनोड म्हणजे बॅटरी चार्ज होताना लिथियम जिथे साठतं ती बाजू; तिथल्या नेहमीच्या ग्रॅफाइटची क्षमता ग्रॅममागे ३७२ मिलीअँपिअर-तास, सिलिकॉनची साडेतीन हजारांच्या वर. पण सिलिकॉन लिथियम पिऊन जवळजवळ चौपट फुगतं आणि तडकतं, 'म्हणून आम्ही नॅनो केलं'. जाता जाता स्टॅनफर्डच्या २००८ च्या सिलिकॉन नॅनोवायरींना (केसाहून कितीतरी बारीक तारांना) नमस्कार.

शीर्षकात 'टाकाऊपासून' हवंच. भाताचं तूस चालतं.

मायक्रोस्कोपखालचा फोटो सबंध नमुन्यातल्या एकुलत्या एक देखण्या कणाचा.

लेप जितका पातळ तितका बरा. १० मायक्रॉनचा तांब्याचा पत्रा चौरस सेंटीमीटरला ९ मिलिग्रॅम भरतो, त्यावर तुमचं सिलिकॉन अर्धा मिलिग्रॅम. क्षमता मात्र सिलिकॉनच्या ग्रॅममागे सांगायची.

कॉइन सेलमध्ये, म्हणजे चाचणीच्या बटणाएवढ्या सेलमध्ये, समोर लिथियमची जाड चकती लावा. दर फेरीला (एकदा चार्ज, एकदा डिस्चार्ज) एक टक्का लिथियम गडप झालं तरी ती माहेरासारखी पुरवत राहते. पूर्ण सेलमध्ये, जिथे लिथियम मोजकंच असतं, हाच एक टक्का १०० फेऱ्यांत तुम्हाला मूळ क्षमतेच्या ३७ टक्क्यांवर आणेल. म्हणून पूर्ण सेल करूच नका.

आता सिलिकॉन करायची कृती. 'तुसाच्या राखेतली सिलिका आणि मॅग्नेशियमची पूड मिसळून आर्गॉनमध्ये ६५० अंशांना तापवली.' बस्स, एवढीच ओळ. मी तापवली. सात वेळा! ही अभिक्रिया स्वतःच इतकी पेटते की भट्टीचा आकडा ६५० वर असताना आतला माल कितीतरी जास्त तापतो आणि बारीक छिद्रं बुजून जातात. दर वेळी भट्टीतल्या बोटीतून (लांबट भांड्यातून) निघाला तो करडा खडा, खलात टणटण वाजणारा. तो हायड्रोफ्लोरिक आम्लाने धुवायचा, म्हणजे जीव मुठीत धरून. सेलनी विसाव्या फेरीला मान टाकली. गाइड मॅडम म्हणाल्या, "तुझा हात अजून बसलेला नाही." माझंही तसंच मत व्हायला लागलं होतं. तिसऱ्या मेलनंतर लेखकाचं उत्तर आलं : 'मीठ घातलं होतं ना?'

मीठ! साधं सोडियम क्लोराइड. ते ८०१ अंशांना वितळतं आणि वितळताना जादा उष्णता पिऊन घेतं, म्हणून नॅनोरचना टिकते. पेपरमध्ये मिठाचा 'म' नाही. पुरवणीतही नाही.

अहो, भेंडीच्या भाजीच्या कृतीतसुद्धा 'मीठ चवीपुरतं' लिहितात! म्हणे शब्दमर्यादा होती. 'अभूतपूर्व' हा शब्द अकरा वेळा बसला, मी मोजलाय. तुम्ही खोटं लिहिलं नाहीत, अर्धं लिहिलंत. आणि उरलेल्या अर्ध्यासाठी कुणाच्या तरी फेलोशिपचे चार महिने जाळलेत. लाज वाटायला हवी. लेप किती मिलिग्रॅमचा ते लिहा, पहिल्या फेरीत किती लिथियम गेलं ते लिहा, सातांतले किती सेल मेले तेही लिहा.

मीठ नेमकं किती घातलं, हे विचारून मला तीन आठवडे झाले. अजून उत्तर नाही.