किल्ला राहू द्या, वाड्याचं बोला

सप्टेंबर २०१९ मध्ये राज्यातले २५ किल्ले हॉटेलांसाठी भाडेपट्ट्याने द्यायचा बेत बाहेर आला आणि एकच गहजब झाला. सरकारला खुलासा करावा लागला की संरक्षित किल्ल्यांना हात लावणार नाही, विचार फक्त असंरक्षित वर्गातल्यांचा आहे. तेव्हापासून एखाद्या गढीत किंवा वाड्यात पाहुणे उतरवायची गोष्ट निघाली की तेच दोन पक्ष समोरासमोर येतात. एक म्हणतो, ही विटंबना आहे. दुसरा लगेच इंग्लंडचा दाखला देतो: बघा, ते लोक पाचशे वर्षांच्या सराया कशा चालवतात, त्यांना इतिहासाची कदर आहे. पहिल्याचं म्हणणं निदान कळतं. दुसऱ्याचं इंग्लंडमध्ये बसून ऐकवत नाही.

कदर असेलही, पण या इमारती उभ्या आहेत त्या मुख्यतः कायद्याच्या धाकाने. इंग्लंडच्या संरक्षित यादीत सुमारे चार लाख नोंदी आहेत आणि त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त सगळ्यात खालच्या, ग्रेड टू वर्गातल्या. म्हणजे बाजारपेठेतली घरं, पाद्र्याचं घर, गिरणीवाल्याचं घर, घोडागाड्यांच्या रस्त्यावरच्या सराया. नोंद झाली की दर्शनी भिंतीबरोबर आतला जिना, दारं, फायरप्लेस, गिलावा सगळं त्यात आलं. तिथलं स्वरूप बदलणारं काम परवानगीशिवाय करणं हा १९९० च्या कायद्याने फौजदारी गुन्हा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, आणि दंडाला वरची मर्यादा नाही. शिवाय नगरपालिकेच्या कारवाईला मुदत नसते. तीस वर्षांपूर्वीच्या मालकाने गुपचूप बसवलेल्या प्लास्टिकच्या खिडक्या आजच्या मालकाला स्वतःच्या खर्चाने काढाव्या लागू शकतात. म्हणून असं घर घेताना वकील आधी जुन्या परवानग्यांचे कागद मागतो. सरकार भरभरून मदत करतं, ही समजूतही सोडून द्यावी. मंजूर झालेल्या बदलांवर पूर्वी व्हॅट शून्य टक्के होता. १ ऑक्टोबर २०१२ पासून तिथेही २० टक्के लागतो.

दाखल्यासाठी जे फोटो फिरतात ते ठरलेले. राय गावातली मरमेड इन, १४२० मध्ये पुन्हा बांधलेली. ग्लास्टनबरीची जॉर्ज अँड पिलग्रिम्स, मठाच्या यात्रेकरूंसाठी पंधराव्या शतकात उभी राहिलेली. थॉर्नबरी कॅसल तर खराखुरा किल्ला. १५३५ मध्ये आठवा हेन्री आणि अ‍ॅन बोलिन तिथे उतरले होते, आज तिथे हॉटेल आहे आणि कुणाला त्यात विटंबना दिसत नाही. दिसेल कशी? आठव्या हेन्रीच्या नावाने इथे कुणाच्या अंगावर काटा येत नाही. रायगडाच्या नावाने येतो, आणि तो इतकी वर्षं परदेशात काढूनही येतो. तेव्हा किल्ल्यांपुरता हा दाखला लंगडाच आहे. मग बोलायचं ते वाड्यांचं. त्यांच्याबद्दल मात्र कुणी रस्त्यावर उतरत नाही. ते पावसाळ्यात एकेक भिंत करून पडतात.

इंग्लंडमध्ये जुनी घरं जगवण्यात तीन ते सहा खोल्यांच्या बी-अँड-बीचा, म्हणजे राहायला खोली आणि सकाळची न्याहारी देणाऱ्या घरांचा, मोठा हात आहे. मालक तिथेच राहतो, सकाळी स्वतः न्याहारी करतो, उलाढाल व्हॅटच्या नोंदणीची वेस, म्हणजे ९० हजार पौंड, ओलांडू नये म्हणून बरेच जण हिवाळ्यात चक्क बंद ठेवतात. तिथे शनिवार-रविवार घालवायला जाणाऱ्यांनी हॉटेलची अपेक्षा सोबत नेऊ नये. येण्याची वेळ बहुधा दुपारी चार ते सहा. उशीर होणार असेल तर फोन करावा, कारण काउंटरवर बसलेलं कुणी नसतं, मालक कुत्र्याला फिरवायला गेलेला असतो. शनिवारची एकच रात्र देत नाहीत, दोन मागतात: चादरी धुण्याचा आणि खोली लावण्याचा खर्च एका रात्रीला तेवढाच येतो जेवढा दोन रात्रींना. ‘एन-सूट’ लिहिलं असेल तर बाथरूम खोलीतच असतं. ‘प्रायव्हेट बाथरूम’ म्हणजे ते फक्त तुमचं, पण बोळ ओलांडून पलीकडे, म्हणून खुंटीवर गाऊन टांगलेला असतो. पलंग अनेकदा साडेचार फूट रुंदीचाच निघतो, कारण त्याहून मोठी गादी त्या जिन्यातून वर चढत नाही. लिफ्ट नाही, तेव्हा मोठी बॅग आणू नये. खोली रस्त्याकडची की मागची, हे आधी विचारावं. एकपदरी काचेच्या खिडकीतून पहाटेची कचरागाडी उशाशी आल्यासारखी वाटते.

शाकाहारी असाल तर आदल्या संध्याकाळीच सांगावं. अंडी, मश्रूम, टोमॅटो, बेक्ड बीन्स मिळतातच, पण मश्रूम बेकनच्याच तव्यावर परतले जातात आणि त्यावर मारलेल्या वूस्टर सॉसमध्ये मासळी असते. रात्रीचं जेवण तिथे नसतं. गावातल्या पबचं स्वयंपाकघर नऊला बंद होतं, रविवारी त्याच्याही आधी.

पण पाहुण्याला जे दिसत नाही, ते वाडेवाल्यांनी बघण्यासारखं आहे. जुन्या घरात पाहुणे ठेवायचे तर खरी लढाई संडास-बाथरूमची. मैल्याच्या शंभर मिलिमीटरच्या पाइपला साधारण चाळीसास एक उतार लागतो. चार मीटर आडवं न्यायचं तर शंभर मिलिमीटर उतार आणि तेवढीच पाइपची जाडी. एवढी जागा वरच्या मजल्याच्या फळ्यांखालच्या लाकडी कड्यांमध्ये सापडत नाही, आणि कड्या कापायला परवानगी मिळत नाही. म्हणून बाथरूमं मागच्या भिंतीला, एकावर एक घेतात. ते जमलंच नाही तर मैला दळून बारीक पाइपने ढकलणारा पंप बसवतात. तो रात्री घरघरतो, आणि कापूस किंवा ओला टिश्यू गेला की अडतो. कमोडच्या वर ती कडक सूचना चिकटवलेली असते ती यासाठी. बाथरूमच्या भिंती हलक्या फळ्यांच्या, छतापर्यंत न पोचणाऱ्या, उद्या काढल्या तर खोली जशीच्या तशी राहील अशा. शॉवरच्या तबकाभोवतीचं सिलिकॉन दरवर्षी तपासावं लागतं. ते सुटलं की पाणी कडीवरून वाहत भिंतीत शिरलेल्या टोकापाशी मुरतं आणि लाकूड नेमकं नजरेआड कुजतं. खालच्या छतावर तपकिरी कडं दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

आपल्याकडे हेच काम कसं होतं? गवंडी माडीवर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, घालतो, वर काँक्रीट, वर टाइल्स. शंभर मिलिमीटर काँक्रीट म्हणजे चौरस मीटरला २४० किलो, आणि हा सगळा बोजा कडीपाटाच्या जुन्या तुळयांवर. मग खालच्या ओल धरलेल्या भिंतींना सिमेंटचा गिलावा. माती-चुन्यातली भिंत जमिनीतलं पाणी ओढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ते हवेत सोडते. सिमेंट तो रस्ताच बंद करतं. ओल वर चढते, गुडघ्याच्या उंचीवर मिठाचे पापुद्रे सुटतात, रंग गळतो. त्यावर उपाय म्हणून सिमेंटचा आणखी एक हात! इंग्लंडने विसाव्या शतकात हाच उद्योग केला आणि आता पैसे मोजून ते सिमेंट खरवडून काढतो आहे. चुना परत लावायचा तर भिजवून किमान तीन महिने मुरवलेला घ्यावा, एका वेळी दहा मिलिमीटरच्या आतला थर द्यावा, आणि पुढच्या थराआधी दिवस जाऊ द्यावेत. इथे थंडीत पारा पाचाच्या खाली गेला की काम बंद ठेवावं लागतं. महाराष्ट्रात ती अडचण नाही. उन्हाळ्यात ओली गोणपाटं टांगली आणि दिवसातून दोन-तीनदा पाणी मारलं की थर फाटत नाही. हवामान आपल्या बाजूने आहे, आणि आपण मात्र विटंबनेवर भांडतो आहोत.

आगीचं तर नावच कुणी काढत नाही. इंग्लंडमध्ये पैसे घेऊन दोन खोल्या दिल्या तरी २००५ चा अग्निसुरक्षा आदेश लागू होतो: धोक्याची लेखी तपासणी, एक वाजला की सगळे वाजतील असे जोडलेले धुराचे अलार्म, स्वयंपाकघरात धुराऐवजी उष्णतेचा. दारं साधारण अर्धा तास आग अडवतील अशी हवीत. जुनं दार फेकता येत नाही, म्हणून त्याच्या कडेला खाच पाडून उष्णतेने फुगणारी पट्टी बसवतात. सागवानी माडी, एकच उभा जिना, बाहेर पडायला एकच दिंडी दरवाजा आणि खांबावरून फिरवलेली जुनी वायर, अशा वाड्यात यातलं काही न करता खाटा टाकणं म्हणजे खरी विटंबना.

इंग्लंडकडून नियम उसने आणायची गरजही नाही. राज्याच्या पर्यटन खात्याची न्याहारी निवास योजना आहे. केंद्राच्या तशाच योजनेत एक ते सहा खोल्या, जास्तीत जास्त बारा खाटा, आणि मालकाचं कुटुंब तिथे राहत असलंच पाहिजे अशी अट आहे. माप थेट वाड्याचं आहे! तरी बऱ्याच ठिकाणी मूळ कौलारू घराला कुलूप आणि मागे परसात नवी स्लॅबची खोली, हे चित्र दिसतं. कारण स्लॅब एकाच्या नावावर असते. वाडा दहा-बारा जणांच्या.

परदेशात बसून सांगायला काय जातं, हा टोमणा इथे येणारच. खरं आहे, काही जात नाही. आमच्या हिश्शाचं छप्पर गळतं तेव्हा खाली घमेलं दुसरंच कुणीतरी ठेवत असतं. मिळकतपत्रिकेवरच्या त्या नावांपैकी तीन-चार नावं इथे, अमेरिकेत नाहीतर ऑस्ट्रेलियात असतात. वाडा विकू नये असं आम्हाला मनापासून वाटतं, हिस्सा सोडावासा वाटत नाही, आणि दुरुस्तीच्या अर्जावर सही मागितली की आम्ही ‘पुढच्या सुट्टीत बघू’ म्हणतो. सगळ्यांच्या सह्या नाहीत म्हणून बँकेचं कर्ज अडतं, नकाशा अडतो. ते गाव अजून आपलं आहे याचा पुरावा म्हणून आम्हाला त्या कागदावरचं नाव हवं असतं, बाकी त्या वाड्याचं आम्हाला काही करायचं नसतं.

सुट्टीची वाट बघायची गरज नाही. कुलमुखत्यारपत्रावर इथे नोटरीसमोर सही करावी, ब्रिटिश परराष्ट्र खात्याचा अपॉस्टिल, म्हणजे नोटरीची सही-शिक्का खरा असल्याचा दाखला, घ्यावा, मूळ कागद कुरिअरने पाठवावा. महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, नाहीतर दंड बसतो. हिस्सा सोडायचा तर हक्कसोडपत्र नोंदवावंच लागतं. सोडायचा नसेल तर तिथे राहणाऱ्या भावाला किंवा बहिणीला नोंदणीकृत भाडेपट्टा करून द्यावा. पट्टा वीस-पंचवीस वर्षांचा असावा. छप्पर, चुना, वायरिंग आणि तीन बाथरूमं यांचा खर्च चार खोल्यांच्या भाड्यातून पाच-सात वर्षांत निघणारा नाही.